प्रतीक्षेत शून्य

दीर आणि भावजय एकाच ऑफिसात असले की घरची भांडणं ऑफिसात येतात आणि ऑफिसातली घरी जातात. ताईच्या बाबतीत तर दोन्हीकडे एकच भांडण चाललं होतं, तेही एका कॉम्प्युटरवरून.

ताई म्हणजे अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधली दिवसपाळीची प्रमुख. कुणाच्या छातीत कळ आली, कुणी जिन्यावरून गडगडलं, की शहरातले लोक जो नंबर लावतात, तो तिच्या खोलीत वाजायचा. खोलीत चार टेबलं. चौघं जण कानाला हेडफोन लावून बसलेले. फोन आला की स्क्रीनवर लाल पट्टी उमटायची. पट्टी दाबायची, बोलायचं, पत्ता टाइप करायचा, जवळची गाडी सोडायची. हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं तो कॉम्प्युटर मागच्या काचेच्या खोलीत होता आणि त्याची देखभाल ताईच्या धाकट्या दिराकडे होती. बसवला त्या दिवसापासून तो एकदाही बंद केलेला नव्हता.

"वहिनी, आठवड्यातून एकदा मला दहा मिनिटं द्या," दीर म्हणायचा. "बंद करतो, परत चालू करतो. बस्स."

"आणि त्या दहा मिनिटांत फोन कोण घेणार? तुम्ही?"

"अग्निशमनवाल्यांकडे वळवू की."

"ते आधी विचारतील आग कुठे लागलीय. तोवर माणूस जायचा, भावजी. आणि बिघडलंय काय त्याचं? चालतोय ना बिनबोभाट?"

"चालतोय, कारण ऑपरेटिंग सिस्टिम दणकट आहे. ती चालेलही अजून. पण तिच्या अंगावर जे प्रोग्रॅम बसवलेत ते रोज थोडी थोडी मेमरी घेतात आणि परत करत नाहीत. बंद केलं की सगळं मोकळं होतं. शिवाय कंपनीनं पाठवलेल्या कितीतरी दुरुस्त्या नुसत्या उतरवून ठेवल्यात, बंद करून परत चालू केल्याशिवाय त्या लागू होत नाहीत."

जेवणाच्या टेबलावर हे सुरू झालं की सासूबाई वाटी आपटून म्हणायच्या, "आधी तुम्ही दोघं बंद व्हा, मग त्या कॉम्प्युटरचं बघू."

ताई हट्टी होती असं नाही. हा कॉम्प्युटर यायच्या आधी, जुन्या टेलिफोनच्या काळात, एकदा थोडा वेळ लाइन गेली होती. तेव्हा एक बाई चपला न घालता धावत कंट्रोल रूमच्या दारात आली होती, खांद्यावर निळं पडलेलं मूल टाकून. मूल वाचलं. पण ती बाई दारात उभी राहून ज्या नजरेनं सगळ्यांकडे बघत होती, ती ताईच्या मनातून गेली नव्हती. फोन बंद ठेवायचा विषय निघाला की तीच नजर समोर यायची. त्यामुळे ती प्रत्येक वेळी म्हणायची, पुढच्या महिन्यात बघू. साहेब लोकही तेच म्हणायचे. जोडीला ठेवलेला दुसरा कॉम्प्युटर पंखा जळाल्यामुळे दुरुस्तीला गेला होता आणि त्याचा पार्ट यायचा होता, तो येतच होता.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर फोन कमी झाले. मग थांबलेच.

"आज सगळं गाव ठणठणीत दिसतंय," उंट म्हणाला. उंट म्हणजे पहिल्या टेबलावरचा लंबूटांग गडी. त्याचे गुडघे टेबलाखाली मावत नसत. तो शेंगा सोलत बसला होता. शेजारी कोकिळा होती. आवाज गोड म्हणून हे नाव तिला ड्रायव्हर लोकांनी दिलेलं. तिनं पर्समधून विणकाम काढलं. बाकीच्या दोघांचं क्रिकेटवरून काहीतरी चाललं होतं. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर 'प्रतीक्षेत: ०' असं ठळक दिसत होतं, बाजूला हिरवा दिवा, वर सेकंद मोजणारं घड्याळ. ताईनंसुद्धा खुर्चीत जरा पाठ टेकली. असा निवांतपणा महिन्यातून एखाद वेळी मिळायचा.

तिचा मोबाइल वाजला. जुना ड्रायव्हर होता, सगळ्यांचा काका.

"ताई, आज आम्हाला सुट्टी दिलीय का?"

"का हो काका?"

"अहो, बाजाराच्या कोपऱ्यावर गाडी लावून बसलोय. एक माणूस येऊन काचेवर बुक्क्या मारतोय. म्हणतो, केव्हापासून फोन लावतोय, तुम्ही झोपा काढताय का? त्याच्या बायकोला फिट आलीय."

"घ्या तिला. आधी तिला घ्या, काका, बाकीचं नंतर."

फोन ठेवला तेव्हा ताईला वाटलं, त्या माणसानं घाबरून चुकीचा नंबर लावला असेल. होतं असं. तरी हातातल्या मोबाइलवरून तिनं आपलाच नंबर लावला, जो तिनं उभ्या जन्मात कधी लावला नव्हता, आणि कानाला धरला.

रिंग जायला लागली. नीट, व्यवस्थित, लांब रिंग. ताईनं समोर बघितलं. उंट शेंगा सोलत होता. कोकिळेच्या सुया चालल्या होत्या. स्क्रीनवर शून्य, हिरवा दिवा, घड्याळाचे सेकंद पुढे सरकत होते. तिच्या कानात रिंग वाजत होती आणि खोलीत कुठेच काही वाजत नव्हतं.

ती खुर्चीतून उठली.

"सगळ्यांनी मोबाइल काढा," ती म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिचं तिलाच वाटलं. "आपल्या नंबरावर फोन लावा. स्पीकरवर ठेवा."

उंटाला आधी गंमत वाटली. मग चारही टेबलांवर चार मोबाइल वाजू लागले, पुढेमागे, एकमेकांत मिसळत, आणि भिंतीवरचं शून्य जिथल्या तिथे. कोकिळेच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळत गेला तो तिनं उचललाही नाही.

"कधीपासून?" ती एवढंच म्हणाली.

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटचा फोन कधी आला होता? जेवणाआधी? नंतर? ताई काचेच्या खोलीकडे धावली. धावताना तिला भास होत होता की पाठीमागे दारात कुणीतरी अनवाणी येऊन उभं आहे.

दीर आधीच की-बोर्डपाशी होता. त्याला मोबाइलांचा आवाज ऐकू गेला होता. तो काहीतरी टाइप करत होता आणि अक्षरं उमटायला वेळ लागत होता, एकेक अक्षर, जसं कुणी लांबून ओढून आणतंय.

"मेमरी संपलीय," तो म्हणाला. "फोन आत येतायत. पण ते उचलून तुमच्या टेबलापर्यंत आणणारा प्रोग्रॅम अडकून बसलाय."

"मग बाहेर हिरवा दिवा कसा?"

"तो दिवा दुसरा प्रोग्रॅम लावतो. त्याला फक्त मशीन चालू आहे का एवढंच कळतं. मशीन चालूच आहे, वहिनी."

"किती जण अडकलेत?"

त्यानं आणखी काही टाइप केलं. पडद्यावर एक यादी हळूहळू उलगडायला लागली. नुसते फोन नंबर. ती खाली खाली जातच राहिली.

"चाळीसच्या वर आहेत. काहींनी पुन्हा पुन्हा लावलाय."

ताईनं टेबलाची कड धरली. चाळीस घरं. चाळीस घरांत कुणीतरी फोन कानाशी धरून उभं होतं आणि ती इथे खुर्चीत पाठ टेकून बसली होती.

"बंद करा," ती म्हणाली. "बंद करा आणि चालू करा. आत्ताच्या आत्ता."

"एक मिनिट थांबा."

"थांबा काय थांबा! इतके दिवस तुम्हीच माझ्या मागे लागला होतात ना?"

"ही यादी मेमरीत आहे, वहिनी. कुठेच लिहिली गेलेली नाही. बंद केलं की ही माणसं गेली. कुणी फोन केला होता तेही कळायचं नाही."

तिनं मोबाइल काढला आणि पडद्याचे फोटो घ्यायला लागली. घाईत पहिले दोन नुसते धूसर आले. दिरानं यादी खाली सरकवायची, ती थबकत थबकत सरकायची, ताईनं फोटो काढायचा. शेवटचा नंबर आल्यावर तिनं ते फोटो चौघांना पाठवले आणि दारातूनच ओरडली, "पहिल्या टेबलानं पहिला फोटो, दुसऱ्यानं दुसरा, तसंच पुढे. आपापल्या मोबाइलवरून लावा! पत्ता घ्या, वायरलेसवर गाडी सांगा!"

मग कोपऱ्यातल्या साध्या फोनवरून तिनं टेलिफोन कंपनी गाठली. तिथला माणूस म्हणाला, फोन अग्निशमन दलाकडे वळवता येतील, पण तुमच्या साहेबांची सही लागेल.

"सही घ्यायला तुमच्या साहेबांना माझ्या घरी पाठवा, आधी फोन वळवा!" ताई अशी कडाडली की उंटसुद्धा दचकला.

परत आली तेव्हा दीर बटणावर बोट ठेवून उभा होता. दाबत नव्हता.

"आता काय?"

"परत उठेल की नाही मला ठाऊक नाही." तो अगदी हळू बोलला. "बसवल्यापासून कधी केलंच नाही ना. बंद होऊन पुन्हा नीट उठतो का, हे कळायला तरी एकदा बंद करायला हवा होता. डिस्क जुनी आहे. त्या सगळ्या दुरुस्त्या आता एकदम लागतील. नाही उठला तर काय करायचं ते मला... वहिनी, मला खरंच ठाऊक नाही."

तो टोमणा मारत नव्हता. मारला असता तर ताईला बरं वाटलं असतं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा हा कॉलेजात होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याचा चेहरा असा व्हायचा, ओठ पांढरे आणि नजर एका जागी खिळलेली.

"तसाही तो मेलेलाच आहे," ती म्हणाली. "दाबा."

त्यानं दाबलं. पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली. ती घरघर इतकी सवयीची झाली होती की ती थांबल्यावरच ताईला कळलं, खोलीत इतके दिवस आवाज होता. बाहेर भिंतीवरचं शून्य मिटलं, हिरवा दिवा मिटला. सगळ्या स्क्रीन काळ्या.

ताई बाहेर येऊन उंटाशेजारी बसली आणि शेवटच्या फोटोतले नंबर लावू लागली.

पहिल्या फोनवर एक बाई होती. "आता कशाला?" ती म्हणाली. "आम्ही टॅक्सी करून आलो दवाखान्यात. तुमच्या नावानं बोटं मोडतायत सगळे." दुसऱ्यावर एका माणसानं अशा शिव्या दिल्या की ताईनं त्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या, मग विचारलं, "पत्ता सांगा." त्याच्या आईचा पाय मोडला होता. गाडी गेली. तिसरा नंबर वाजत राहिला. कुणी उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. वाजत राहिला.

शेजारी कोकिळा उभी राहून बोलत होती. "छातीच्या मधोमध. एका हातावर दुसरा हात. हो, जोरात. घाबरू नका, बरगडीचं बघू नंतर. मी मोजते, तुम्ही दाबा. एक, दोन, तीन, चार..." तिचा आवाज नेहमीसारखाच गोड होता, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. ती मोजत राहिली. सगळ्या खोलीत तिच्या मोजण्याची लय चालली होती आणि बाकीचे त्या लयीतच बोलायला लागले होते.

ताई पुन्हा काचेच्या खोलीत डोकावली. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती आणि एक आकडा. आकडा हलत नव्हता.

"काय आहे हे?"

"डिस्क तपासतोय. इतक्या काळानं उठला की आधी सगळं तपासून बघतो."

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही," दीर म्हणाला.

"मध्येच सोडता येतं का?"

"येतं. एक बटण दाबलं की पुढे जाईल. पण आत काही मोडलेलं असलं तर अर्ध्यावर पुन्हा पडेल. तेव्हा मात्र उचलता येणार नाही." त्यानं तिच्याकडे बघितलं. "तुम्ही सांगाल तसं."

आकडा एकानं वाढला. दहा मिनिटं द्यायला ती दोन वर्षं तयार नव्हती. आता ही कुठली मिनिटं जात होती, ती कुणाकुणाच्या वाट्याची होती? तिला बटण दाबावंसं वाटलं. बोट पुढेही गेलं. मग बाहेर कोकिळेचं मोजणं ऐकू आलं. ते न थांबता चाललं होतं.

"तपासू दे," ती म्हणाली. "पूर्ण तपासू दे. आपण मोबाइलवर घेतो."

अग्निशमन दलाकडून साध्या फोनवर निरोप आला, "आमच्याकडे वळून यायला लागलेत, आमचा माणूस लिहून घेतोय, तुम्ही गाड्या सांगा." तेव्हा तिला पहिल्यांदा पुरता श्वास घेता आला. तिकडून पत्ते येत होते, ती ओरडून सांगत होती, उंट वायरलेसवर काकांना आणि बाकीच्यांना पाठवत होता. त्याच्या टेबलावर शेंगांची टरफलं पसरलेली होती आणि त्यातच तो पेन शोधत होता. गाडी पोचल्याचं कळल्यावर कोकिळा मोजता मोजता थांबली, खुर्चीत कोसळली आणि म्हणाली, "नाडी लागतेय म्हणाले. लागतेय."

कॉम्प्युटर उठला. कसा उठला ते ताईनं पाहिलं नाही. तिनं फक्त पंख्याची घरघर ऐकली आणि मग दिराचा आवाज, "वहिनी! वहिनी, आला!" भिंतीवर हिरवा दिवा लागला, पण त्या दिव्याकडे आता कुणी बघत नव्हतं. तिनं मोबाइलवरून आपला नंबर लावला. उंटाच्या स्क्रीनवर लाल पट्टी उमटली. त्यानं ती दाबली आणि दोघं तीन हातांच्या अंतरावरून फोनवर एकमेकांशी बोलले.

"अॅम्ब्युलन्स कंट्रोल, बोला."

"मीच आहे," ताई म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला.

संध्याकाळची पाळी आली तरी ती उठली नाही. फोटोतला एकेक नंबर तिनं पुन्हा तपासला. बहुतेकांनी आपापली सोय करून घेतली होती. एक राहिला होता, तिनं दुपारी लावलेला तिसरा. तो ती मधून मधून लावतच होती. दिवेलागणीला तो कुणीतरी उचलला. तरुण माणसाचा आवाज.

"मी अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधून बोलतेय. या नंबरावरून दुपारी फोन आला होता."

पलीकडून माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"हा बाबांचा फोन आहे," तो म्हणाला. "मी कामावरून आलो तेव्हा ते... घरी एकटेच होते. डॉक्टर येऊन गेले आत्ता. गेले बाबा." मग थांबून म्हणाला, "त्यांनी तुम्हाला फोन केला होता?"

"हो."

"किती वेळा?"

ताईच्या हातात फोटो होता. त्यात तो नंबर चार ठिकाणी होता. मशीन बिघडलं होतं, चौकशी चालू आहे, असं काहीतरी सांगता आलं असतं. शेजारी दीर उभा होता आणि तो मान हलवून नको नको म्हणत होता.

"चार वेळा," ती म्हणाली. "आमच्याकडे वाजलाच नाही. मशीन अडकलं होतं आणि आम्हाला कळलं नाही."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दोघं एकत्रच घरी गेले. सासूबाईंनी दार उघडलं, दोघांचे चेहरे बघितले आणि काही न विचारता पाण्याचे पेले आणून ठेवले. त्या रात्री ताई जागीच होती. स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आवाज बंद झाला की ती उठून बसायची, आणि तो सुरू झाला की वाटायचं, आत काय चाललंय कुणाला ठाऊक.

चौकशी झाली. दिराला विचारलं की मशीन वेळच्या वेळी बंद का केलं नाही. तो म्हणाला, "ठरलं नव्हतं." ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते मागत होते, मी नको म्हणत होते." समितीनं दोन्ही वाक्यं ऐकून घेतली. गाडी वेळेवर गेली असती तर ते गृहस्थ वाचले असते का, यावर डॉक्टरांनी ठामपणे काहीच सांगितलं नाही. साहेबांनी दुसरा कॉम्प्युटर आठवड्याच्या आत आणून बसवला. दर बुधवारी सकाळी फोन अग्निशमन दलाकडे वळवून मशीन बंद करायचं ठरलं. ती दहा मिनिटं ताई काचेच्या खोलीत उभी राहते. मशीन उठेपर्यंत बसत नाही, दर बुधवारी, अजूनही.

त्यानंतर महिनाभरानं अशाच एका बुधवारी दुपारी त्या गृहस्थांचा मुलगा कंट्रोल रूममध्ये आला. तिशीचा असेल. त्यानं आपली ओळख सांगितली तेव्हा ताईला वाटलं, आता हा ओरडेल, आणि तिनं मनाची तयारी केली. तो ओरडला नाही.

"फोन कुठे येतो ते बघायचं होतं," तो म्हणाला.

तिनं त्याला टेबलं दाखवली, स्क्रीन दाखवली, मागची खोली दाखवली. दिरानं त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही. काचेतून कॉम्प्युटरकडे बघत राहिला. ठेंगणी काळी पेटी, पुढे दोन-चार दिवे. एवढ्यावर सगळं चालतं हे त्याला पटत नसावं.

"आता चालतो ना नीट?"

ताईच्या तोंडावर "हो" आलं होतं. तिनं ते गिळलं.

"आज सकाळी बंद करून चालू केलाय. नंतर आम्ही बाहेरून फोन लावून बघितला. वाजला. आत्ता चालतोय." ती थांबली. "याच्या पलीकडचं मला सांगता येत नाही."

त्यानं मान हलवली. तेवढ्यात उंटाच्या स्क्रीनवर लाल पट्टी उमटली. एक म्हातारी न्हाणीघरात पडली होती, सून बोलत होती. उंटानं पत्ता घेतला, काकांची गाडी सुटली. तो मुलगा तिथेच उभा राहून ऐकत होता.

"पोचली?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"अजून नाही."

तो थांबला. ताईही त्याच्या शेजारी उभी राहिली. दोघांपैकी कुणी बसलं नाही. स्क्रीनवरच्या नकाशात गाडीचा ठिपका चौकात अडकला, सुटला, गल्लीत वळला. मग वायरलेसवर काकांचा खरखरीत आवाज आला, म्हातारी शुद्धीवर आहे, बोलतेय, सुनेला रागावतेय.

तो मुलगा हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले. त्यानं टेबलावर ठेवलेलं आपलं हेल्मेट उचललं, "येतो," म्हणाला आणि जिना उतरून गेला.